गिऱ्हाईक माल कुठून कुठवर पाहतं: उत्पादनाच्या पाच पातळ्या ओळखायची रीत

माल चांगला असतो, गिऱ्हाईक एकदा नेतं, पण दुसऱ्यांदा फिरकत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या बचत गटांत आणि छोट्या उद्योगांत ही तक्रार नेहमीची. मग भाव कमी होतो, पाकीट बदललं जातं, एखादी योजना काढली जाते. एवढं करूनही फरक पडत नाही, कारण विकणाऱ्याने पैसा घातला एका पातळीवर आणि गिऱ्हाइकाने माल जोखला दुसऱ्याच पातळीवर. या पातळ्या आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात कशा बसल्या आहेत, ते शोधायची पद्धत इथे टप्प्याटप्प्याने दिली आहे. लागतं ते एवढंच: एक वही, पंचवीसेक गिऱ्हाइकं आणि दोन आठवडे.

आधी पाच पातळ्या

थिओडोर लेविट यांनी १९८० मध्ये उत्पादनाभोवती चार कडी मांडली. पुढे फिलिप कोटलर यांनी मध्यभागी मूळ लाभ ठेवून त्यांच्या पाच पातळ्या केल्या. पाठ्यपुस्तकातली नावं अशी: मूळ लाभ, मूलभूत उत्पादन, अपेक्षित उत्पादन, वर्धित उत्पादन, संभाव्य उत्पादन. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीच्या, पिठावर ती लावून पाहू.

पीठ हा मूळ लाभ नाहीच. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या अमळनेरच्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा-दोनदा भरताबरोबर किंवा ठेच्याबरोबर घरच्यासारखी कळण्याची भाकरी खायची असते. त्यांना हवं आहे ते हे. मूलभूत उत्पादन म्हणजे ज्वारी, सालासकट काळे उडीद आणि मीठ एकत्र दळून तयार झालेलं पीठ. प्रमाण घराघरांत वेगळं असतं. इथे वजनाने ४ भाग ज्वारी आणि १ भाग उडीद धरू.

अपेक्षित उत्पादनात न बोलता गृहीत धरलेलं सगळं येतं. दाताखाली कचकच नको, जाळी-किडे नकोत, भाकरी थापताना कडा फाटू नयेत, वजन पुरं भरावं, पाकिटावर तारीख असावी, पैसे मोबाइलवरून देता यावेत. वर्धित उत्पादन म्हणजे अपेक्षेपलीकडचं काही: पुन्हा बंद होणारं पाकीट, सोबत ठेच्याची छोटी बाटली, मागणी आल्यावर त्याच आठवड्यात दळून पाठवणं. संभाव्य उत्पादन म्हणजे उद्या देता येईल असं काही, उदाहरणार्थ दर महिन्याला ठरलेल्या तारखेला घरपोच ताजं पीठ.

ही विभागणी कागदावर सोपी वाटते. मात्र कोणती गोष्ट कोणत्या पातळीत जाईल हे विकणारा ठरवत नाही. चोपड्यात घरची ज्वारी घेऊन गिरणीवर जाणाऱ्या काकूंना पाकिटावरच्या तारखेचं काहीच वाटत नाही. पीठ त्यांच्या डोळ्यांसमोर दळलं जातं. पुण्यातल्या ताईंना तीच तारीख अत्यावश्यक वाटते. म्हणून पहिला टप्पा गिऱ्हाईक निवडण्याचा.

टप्पा १: एक माल, एक गिऱ्हाईक

वहीच्या पहिल्या पानावर एकच माल आणि एकाच प्रकारचं गिऱ्हाईक लिहा. 'सगळे' असं लिहू नका. 'पुण्या-मुंबईत राहणारी, मूळची खान्देशातली, स्वतः भाकरी थापणारी बाई' असं नेमकं लिहा. दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतील तर दोन वह्या करा. दोघांची उत्तरं एकत्र केली की एकाची सक्ती आणि दुसऱ्याची बेफिकिरी मिसळून मधलाच, कोणालाही लागू न पडणारा आकडा हाती येतो. ही चूक सगळ्यांत जास्त होते.

टप्पा २: मूळ लाभ त्यांच्या शब्दांत काढा

पहिल्या पाच-सहा जणांशी फक्त बोला. 'आमचं पीठ कसं वाटलं?' असं विचारलं तर 'छान आहे' हेच उत्तर येणार. त्याऐवजी गेल्या वेळेबद्दल विचारा. शेवटचं पाकीट कधी फोडलं? त्या दिवशी स्वयंपाकाला काय होतं? आमचं पीठ नसतं तर काय केलं असतं? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्यातून तुमचा खरा प्रतिस्पर्धी कळतो. तो बहुधा दुसऱ्या गटाचं पीठ नसतो. गावाहून आईने पाठवलेला डबा, नाहीतर 'राहू दे, आज पोळ्याच करते' हा निर्णय, हेच खरे प्रतिस्पर्धी असतात.

धुळे-अमळनेरच्या आठवडे बाजारात हे प्रश्न अहिराणीत विचारा. रावेर-यावलकडे लेवा बोलीत. 'भाकर तुटस का?' असं विचारलं की माणूस मोकळेपणी खरं सांगतं. प्रमाण मराठीत, हातात छापील कागद घेऊन विचारलं की तेच माणूस सरकारी पाहणीला द्यावं तसं जपून उत्तर देतं. आणि उत्तर ऐकताना आपल्या मालाची बाजू मांडू नका. गिऱ्हाईक म्हणालं 'जरा कडू लागलं', तर 'उडीद सालासकट असतात ना ताई' हे समजावणं त्या दिवशी तोंडातच ठेवा, आधी लिहून घ्या.

टप्पा ३: जोडप्रश्न

आता या गप्पांतून आलेल्या गोष्टींपैकी आठ-दहा निवडा. प्रत्येकीसाठी दोन प्रश्न विचारायचे: 'हे असलं तर कसं वाटेल?' आणि 'हे नसलं तर कसं वाटेल?' उत्तरं पाचच: आवडेल, असायलाच हवं, फरक पडत नाही, चालवून घेईन, नको वाटेल. ही पद्धत जपानचे नोरिआकी कानो यांच्या १९८४ च्या मांडणीतून आली आहे आणि आठवडे बाजाराच्या कट्ट्यावरही ती सहज चालते.

उलटा प्रश्न का लागतो? 'पाकिटावर तारीख असावी का?', 'सोबत ठेचा असावा का?' असं सरळ विचारलं तर दोन्हींना 'हो' मिळतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कोण नाही म्हणेल? नसण्याचा प्रश्न विचारला की दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात. ठेचा नसला तर 'फरक पडत नाही'. तारीख नसली तर 'नको वाटेल'.

जोड्या अशा वाचायच्या:

- असलं तर 'असायलाच हवं' किंवा 'फरक पडत नाही', आणि नसलं तर 'नको वाटेल': ही गोष्ट अपेक्षित पातळीतली. दिल्याबद्दल कोणी कौतुक करणार नाही, पण चुकली की गिऱ्हाईक गेलं.
- असलं तर 'आवडेल', नसलं तर 'नको वाटेल': जितकं जास्त तितकं बरं. पीठ किती दिवस ताजं राहतं, हे इथे येतं. यात दुसऱ्यांशी थेट तुलना होते.
- असलं तर 'आवडेल', नसलं तरी 'फरक पडत नाही' किंवा 'चालवून घेईन': खरी वर्धित गोष्ट.
- दोन्हीकडे 'फरक पडत नाही': खर्च थांबवा.
- दोन्हीकडे 'आवडेल', किंवा दोन्हीकडे 'नको वाटेल': प्रश्न समजला नाही. ते उत्तर सोडून द्या.

समजा, पुण्याच्या २४ ताईंना विचारलं. पुन्हा बंद होणाऱ्या पाकिटाला १३ जणींनी वर्धित, ७ जणींनी 'फरक पडत नाही', ३ जणींनी अपेक्षित ठरवलं आणि १ उत्तर बाद झालं. इथे निर्णय सरळ आहे. पण ९ वर्धित, ८ अपेक्षित, ७ बेफिकीर अशी फाटाफूट झाली, तर बहुमतावर जाऊ नका. तुमच्या वहीत दोन प्रकारची गिऱ्हाइकं मिसळली आहेत. पहिल्या टप्प्यावर परत या.

नातेवाईक, गटातल्या बायका आणि उधारीवर नेणारे यांना यातून वगळा. ते तोंडावर वाईट बोलणार नाहीत. एकदा नेऊन परत न आलेली चार-पाच माणसं मात्र शोधून काढा, फोन करा. त्यांची उत्तरं बाकीच्या वीस जणांइतकी कामाची.

विकत घेताना बाहेरून आत, वापरताना आतून बाहेर

पातळ्यांचं चित्र मध्यापासून बाहेर काढतात, म्हणून गिऱ्हाईकही त्याच क्रमाने पाहतं असा समज होतो. दुकानात नेमकं उलटं घडतं. मूळ लाभ तिथे दिसतच नाही. भाकरी कशी होईल हे पाकिटावरून कळत नाही, म्हणून हाताशी जे आहे त्यावरून गिऱ्हाईक आतलं ओळखू पाहतं: पाकिटाचा स्वच्छपणा, छपाई, भाव, दुकानदाराचं एक वाक्य. फार स्वस्त भावही इथे संशय निर्माण करतो.

घरी परातीत पीठ पडलं की क्रम फिरतो. आता मूळ लाभ आधी तपासला जातो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते; भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना तुटते. त्या क्षणी छान पाकीट मदतीला येत नाही, उलट राग वाढवतं. म्हणून सुधारणा आतून बाहेर करायची आणि सांगायचं मात्र बाहेरच्या बाजूला: आत ताजेपणा आणा आणि दळल्याची तारीख पाकिटाच्या समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत टाका.

पाठवण्याआधी प्रत्येक दळणातलं मूठभर पीठ, साधारण ५० ग्रॅम, कोमट पाण्यात मळून चानकी, म्हणजे छोटी भाकरी, थापा. कडा फार फाटत असतील तर ते दळण पुण्याला पाठवू नका. याला पाच मिनिटं लागतात.

केळीच्या वेफर्सचा पेच वेगळा. सावदा-फैजपूरकडचे वेफर्स पारदर्शक पिशवीत घातले तर माल दिसतो, विश्वास बसतो. पण उजेड आणि हवेमुळे तेल लवकर खवट होतं. चंदेरी आवरणाच्या पिशवीत टिकतात चांगले, पण मग डोळ्यांना काही दिसत नाही. तेव्हा टिकणारी पिशवी घ्या, तिच्यावर चकतीचं खऱ्या आकाराचं, खऱ्या रंगाचं छायाचित्र छापा आणि दुकानात चवीला वाटी ठेवा. छायाचित्रात सोनेरी आणि पिशवीत तपकिरी असं निघालं, तर तुम्ही स्वतःच अपेक्षा वर नेऊन तिथून पडलात.

न दिसणारा मूळ लाभ दाखवायचा कसा: ठिबकचं उदाहरण

हे नीट समजून घ्यावं असं क्षेत्र म्हणजे ठिबक सिंचनाच्या संचांची विक्री, कारण खान्देशातला केळी उत्पादक पक्का, जोखून घेणारा ग्राहक आहे. त्याला नळ्या नको असतात. विजेच्या मिळालेल्या तासांत शेवटच्या झाडालाही पहिल्याइतकं पाणी पोचावं, हा मूळ लाभ. लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी नळी), ड्रिपर (तिच्यातून थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी), फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून घेणारा भाग) हे मूलभूत उत्पादन. तालुक्याच्या ठिकाणी नळ्या जोडायचे जॉइनर-ग्रोमेट मिळणं, आयएसआय चिन्ह, जोडणीला माणूस वेळेवर येणं हे अपेक्षित. बहुतेक विक्रेते टोपी, डायरी, कॅलेंडर देतात आणि त्याला जादा सेवा समजतात. जोडप्रश्न विचारून पाहा; कॅलेंडर दोन्हीकडे 'फरक पडत नाही' मध्ये जाईल.

आता एक वेगळी जादा सेवा पाहा. जोडणी झाल्यावर शेतकऱ्यासमोर ४ लिटर प्रतितास क्षमतेच्या ड्रिपरखाली मोजपात्र ठेवा. ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमायला हवं. हेच लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा आणि तिन्ही आकडे त्याच्या वहीत तारखेसह लिहून द्या. सुरुवातीला २०० आणि टोकाला १५० आले तर दाब कमी पडतो आहे, लॅटरल फार लांब आहे, कुठे गळती आहे किंवा टोकाचे ड्रिपर तुंबले आहेत. ५ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरी सुमारे १७४२ झाडं बसतात. टोकाची झाडं पाण्याला कमी पडली की घड लहान राहतात, आणि दोष कंपनीच्या नावावर जातो.

याला विक्रेत्याचा अर्धा-पाऊण तास जातो, मोजपात्राशिवाय सामान काहीच लागत नाही. एरवी कधीच न दिसणारा मूळ लाभ शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं आणि आकडा घटला, तर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार ड्रिपरमध्ये बसू लागलेत हे पीक सुकण्याआधी कळतं. तेव्हा हे क्षार विरघळवणाऱ्या आम्ल प्रक्रियेचा सल्ला द्या, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे स्वतः करून दाखवा.

टप्पा ४: पातळीनुसार खर्च मांडा

पिठाचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. भाव तुमच्या बाजारचे घाला. ज्वारी ४० रुपये किलो धरली तर ८०० ग्रॅमचे ३२ रुपये. उडीद १०० रुपये किलो, २०० ग्रॅमचे २०. निवडण्यातली घट २, दळण ८, पाकीट आणि लेबल ८. एकूण ७० रुपये किलो. मीठ किरकोळ, मजुरी आणि वाहतूक याच्या वर. पुन्हा बंद होणाऱ्या पाकिटाचे ६ रुपये जास्त. सोबत ठेच्याची बाटली दिली तर २० रुपये जास्त, शिवाय बाटली फुटून सांडण्याची भीती.

प्रत्येक खर्चासमोर तिसऱ्या टप्प्यातली पातळी लिहा. अपेक्षित पातळीवरचा खर्च भाव वाढवून वसूल होत नाही. तो धंद्यात राहण्याचा खर्च. 'आता खडे नसलेलं पीठ, १० रुपये जास्त' असं कोणी म्हणू शकत नाही. वर्धित गोष्टीसाठी मात्र जास्त भाव घेता येतो, पण अपेक्षित सगळं पुरं असेल तरच. खड्यांची तक्रार असताना ठेच्याची बाटली देणं म्हणजे पैसा पाण्यात. म्हणून आधी सगळी भोकं बुजवा, मग एकच जादा गोष्ट निवडा. दोन-तीन एकदम दिल्या तर कशामुळे गिऱ्हाईक परत आलं ते कळत नाही.

लेबलचं थोडक्यात: एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक, घटक उतरत्या प्रमाणात, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर, तारखा, बॅच क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, पोषणमूल्यं, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. हे सगळं अपेक्षित पातळीचं. नसलं तर शहरातलं दुकान माल ठेवूनच घेणार नाही.

भौगोलिक मानांकनाबद्दल (जीआय, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी ओळख) सावध राहा. जळगावची केळी, जळगावचं भरताचं वांगं आणि नवापूरची तूरडाळ यांना ते मिळालं आहे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय ते चिन्ह पाकिटावर छापता येत नाही. नोंदणी झाली असली तरी जोडप्रश्न विचाराच: नाशिक-पुण्याच्या ग्राहकाला त्याचं अप्रूप वाटू शकतं, भुसावळच्या माणसाला भरताच्या वांग्याबद्दल चिन्हाने काय पटवणार?

टप्पा ५: सरकणाऱ्या पातळ्यांवर नजर

वर्धित गोष्ट कायम वर्धित राहत नाही. दुकानात मोबाइलवरून पैसे घेणं एकेकाळी सोय वाटायची. आज सारंगखेड्याच्या यात्रेतल्या खेळण्याच्या गाड्यावरही क्यूआर कोडचा कागद नसला तर माणूस पुढच्या गाड्याकडे वळतो. तुमचं पुन्हा बंद होणारं पाकीटही वर्षा-दोन वर्षांत असंच खाली उतरेल, आणि मग त्याचे ६ रुपये परत मिळणं बंद होईल.

म्हणून जोडप्रश्नांची वही वर्षातून दोनदा उघडा: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) महिनाभर आधी आणि दिवाळीच्या महिनाभर आधी. आखाजीला लेकी माहेरी येतात, परतताना पापड, कुरडया, पीठ बांधून नेतात. परगावच्या घरांचा कौल तेव्हा गावातच मिळतो. सगळे प्रश्न पुन्हा नकोत. गेल्या वेळच्या तीन वर्धित गोष्टी, शेजारच्या गटाने नव्याने सुरू केलेली एक गोष्ट आणि तुमच्या डोक्यातली संभाव्य पातळीची एक कल्पना, एवढे पाच जोडप्रश्न पुरेत.

वर्धित गोष्टीला 'नसलं तर नको वाटेल' असं म्हणणारे २४ पैकी ८-१० च्या पुढे गेले, की तिची जाहिरात थांबवा, तिचा खर्च मूळ भावात धरा आणि पुढची जादा गोष्ट तयार ठेवा. उलट एखादी गोष्ट सलग दोनदा 'फरक पडत नाही' मध्ये आली तर ती काढून टाका. काढताना आधी एका खेपेतून काढा, महिनाभर थांबा, तक्रार किती येते ते मोजा आणि मगच बाकीच्या मालातून काढा.